खांद्यावरची चार बोटं

वसईच्या खाडीकाठी, आमच्या जूचंद्रच्या घरात देव्हाऱ्याच्या वर माझ्या आजोबांचा एक फोटो होता. सिडनीच्या रस्त्यावर काढलेला. गुडघ्याखाली पोचणारा कोट, डोक्यावर बोटीवरची टोपी आणि चेहऱ्यावर असा रुबाब, की बोट यांच्या बापाची आणि डच लोक तिच्यात भाड्याने राहत असावेत. पाहुणा आला की आधी पाणी, मग फोटो, मग चहा, असा आमच्या घरचा क्रम होता. गाव आम्हाला 'बोटवाले' म्हणायचं आणि ते ऐकताना आमच्या माना जरा ताठ व्हायच्या.

त्या फोटोत एक गोम होती. आजोबांच्या एका खांद्यावर चार बोटं दिसायची. नुसती बोटं. त्यांना हात नव्हता, हाताला माणूस नव्हता. मी सहा-सात वर्षांचा असताना विचारलं, ही बोटं कोणाची? आजोबा म्हणाले, "फोटोवाल्याची." मग फोटो काढला कोणी, हा प्रश्न मला त्याच दिवशी पडला होता. पण आजोबांना एका गोष्टीबद्दल दोनदा विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

आजोबा डचांच्या बोटीवर कसे, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आज ज्याला आपण इंडोनेशिया म्हणतो तो जावा-सुमात्राचा सगळा मुलूख तेव्हा डचांचा होता. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तो घेतला. मग डच साहेब, त्यांचे कारकून, त्यांच्या बोटी, सगळे पळाले ते शेजारच्या ऑस्ट्रेलियात. ऑस्ट्रेलिया दोस्त राष्ट्रांच्या बाजूचा. त्याने यांना जागा दिली, धक्के दिले, गोदामं दिली. राज्य गेलं होतं, पण राज्याच्या कचेऱ्या ऑस्ट्रेलियात बसून चालू होत्या. त्यांच्या बोटी तिथल्याच बंदरांतून फौजेचा दाणागोटा आणि दारूगोळा वाहायच्या. त्या बोटींना खलाशी हवे होते. मुंबईच्या गोदीत भरती झाली, आणि जूचंद्रमधून दोघे गेले. एक माझे आजोबा आणि दुसरा त्यांचा दोस्त. दोघेही खाडीत मिठाचे मचवे ओढत वाढलेले. गावात कोणी एकाला हाक मारली तर दोघे ओ द्यायचे, असं म्हणत.

युद्ध संपलं. पहिला घरी आला तो दोस्त. एकटा, एक ट्रंक घेऊन, करार पुरा व्हायच्या आत. त्याच्या खलाशाच्या पुस्तकावर असा काही शेरा बसला होता, की पुढे त्याला एकाही बोटीने उभं केलं नाही. काही महिन्यांनी आजोबा आले. करार पुरा करून, दोन लोकरी ब्लँकेटं आणि एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन. गावाने त्यांना विचारलं, तुझा दोस्त आधी कसा काय आला? आजोबा एवढंच म्हणाले, "काम टाकून उतरला."

दुसऱ्या एखाद्या गावात या तीन शब्दांनी काही झालं नसतं. आमचं गाव मिठागरावर जगणारं. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, आटवायचं, आणि मीठ धरलं की त्याच दिवशी ओढायचं. त्या दिवशी माणूस कामावर आला नाही तर मीठ बिघडतं, आणि एकाचं नाही, सगळ्या आगराचं बिघडतं. म्हणून आमच्याकडे चोर एकवेळ चालेल, दारुड्या तर चालतोच, पण हंगामात आगर सोडून जाणारा चालत नाही. अशा माणसाला कोणी जोडीला घेत नाही. गावाने सिडनीची बोट कधी पाहिली नव्हती; गावाने तिला आपलं मिठागर समजून न्याय केला. दोस्ताचं नाव पडलं 'पलपुट्या'.

त्याने सांगून पाहिलं म्हणे, मी पळालो नाही, मी कशासाठी उतरलो ते ऐका. पण समुद्रापलीकडच्या कुठल्याशा जावावाल्यांसाठी माणूस नोकरी सोडतो, हे कोणाला पटणार? लोक हसायचे. तो मिठागरात पाट्या टाकायला लागला आणि चारेक वर्षांत तापाने गेला. मागे बायको आणि चार वर्षांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे आमचे शेजारचे काका. त्यांना बापाचा चेहरा आठवत नव्हता आणि घरात फोटोही नव्हता.

'पलपुट्याचा' हे नाव त्यांच्या मागे शाळेत लागलं, कारखान्यात फिटर झाले तिथे लागलं, त्यांच्या लग्नातही कोणीतरी वऱ्हाडाला ऐकवलं. मीही म्हणत असे. लगोरी खेळताना त्यांचा लहानगा मुलगा मैदानातून निघाला की आम्ही पोरं ओरडायचो, "पलाला रं पलाला, आज्यावं गेला!" आजोबा ओट्यावर बसलेले असायचे. त्यांनी आम्हाला कधी गप्प केलं नाही. आज मी हे लिहितो तेव्हा कान गरम होतात.

मी बावीस वर्षांचा असताना आजोबा अंथरुणाला खिळले. एका दुपारी घरात दोघेच होतो. ते म्हणाले, "त्यो फोटू खाली काढ." मी काढला. फ्रेमची मागची पट्टी उघडायला लावली. आतला फोटो बाहेरून दिसायचा त्याच्या दीडपट मोठा होता. डावीकडचा भाग मागे दुमडून दाबलेला. मी घडी उलगडली, आणि बोटांचा मालक समोर आला.

आजोबांपेक्षा बुटका, तसाच कोट, टोपी मात्र हातात. कपाळ रुंद, आणि तोंड भरून हसणारा. त्याचा एक हात आजोबांच्या पाठीमागून जाऊन पलीकडच्या खांद्यावर बाहेर आलेला. आजोबांनी माणूस मागे दुमडला होता, पण बोटं पलीकडे असल्यामुळे घडीत येईनात. ती राहून गेली.

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत. त्या बोटीवर जावाचे खलाशी होते. आपल्यासारखेच भात-मासळी खाणारे. दोस्ताचं त्यांच्याशी फार जमायचं; तो त्यांच्यात बसून जेवायचा, त्यांची गाणी म्हणायचा. जपान हरला तेव्हा त्यांच्या मुलखात त्यांच्या माणसांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. आणि इकडे डच सिडनीच्या धक्क्यावर बोटी भरू लागले, परत जाऊन राज्य घ्यायला. जावाचे खलाशी म्हणाले, आमच्याच भावांवर झाडायच्या गोळ्या आम्ही नेणार नाही, आणि उतरले. धक्क्यावरच्या गोऱ्या मजुरांनीही डचांच्या बोटींना हात लावायचं नाकारलं. मग डचांची सगळी भिस्त आपल्या हिंदी खलाशांवर आली. आपल्यातलेही पुष्कळ उतरले.

"त्यो मना बोलला," आजोबा म्हणाले, "गोरं लोक त्यांच्यासाटी काम सोरतान, आनि आपन काय गुलाम हाव? सकाली दोगंव उतरू. मी हो बोललो. सकाली मीच त्याची ट्रंक उचलून शिडीपातुर नेली. बोललो, तू पुरं हो, मी आलोच."

मी विचारलं, "मग?"

"मग काय? त्यो धक्क्यावं उबा ऱ्हायला. वर बगत. मी कठड्याजवल. बोट सुटंपातुर त्यो तितंच व्हता. एक शबुद बोलला नाय. नुसता बगत ऱ्हायला."

आजोबांना भीती वाटली होती. पुस्तकावर शेरा बसेल, घरी काय सांगू, याची. ते मी समजू शकतो. घरी आल्यावर ते खोटं बोलले नाहीत, हेही खरं. "काम टाकून उतरला" यातला एकही शब्द खोटा नव्हता. उरलेलं तेवढं त्यांनी फोटोसारखं मागे दुमडलं.

"मी मेल्यावं ह्यो फोटू त्याच्या पोराला दे," ते म्हणाले. "आनि सांग त्याला, तुजा बापूस पलाला नाय. मी हाय तवर नको. माज्यानं त्याच्या तोंडाकरं बगवायचा नाय." मी त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हणालो. घडी पुन्हा घातली, फ्रेम बंद केली, फोटो खिळ्याला लावला.

पंधरा दिवसांत आजोबा गेले. अख्खं गाव आलं. "खाल्ल्या मिठाला जागलेला माणूस," असं प्रत्येक जण म्हणाला, आणि माझे वडील दर वेळी डोळे पुसत होते. त्या गर्दीत मी काय सांगणार? म्हटलं, तेरावं होऊ दे. मग म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. मग मला बँकेत नोकरी लागली, लग्न झालं, आणि गोष्ट दर वर्षी थोडी थोडी अवघड होत गेली. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर ती आजोबांची चूक ठरली असती. पाचव्या वर्षी ती माझी झाली होती. मी मोठा झालो, बँकेत लोकांच्या सह्या तपासायचो, आणि घरी हे.

काका दर गणपतीला आमच्याकडे यायचे. नमस्कार करून पाच मिनिटं बसायचे. समोर भिंतीवर फोटो. मी मोदकाचं ताट पुढे करायचो आणि नजर ताटावर ठेवायचो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाकडचे वसईच्या किनाऱ्याकडचे, केळीच्या आणि पानाच्या वाड्या असलेले, चार बुकं जास्त शिकलेले. वडिलांनी त्यांना बोटीची गोष्ट रंगवून सांगायला घेतली होती. काकाही आले होते. शेजारी म्हणून बोलावलंच होतं. त्यांचा एक डोळा काचबिंदूने गेला होता आणि दुसऱ्याचं जेवढं आहे तेवढं टिकवा, असं डॉक्टर म्हणाले होते. वडील जरा थांबले तसे काकांनी मला जवळ बोलावलं. आवाज मात्र सगळ्यांना ऐकू गेला.

"तुजे आज्यानी माजे बापसाचा कदी काय सांगला का रं तुना? दोगं संगतीच व्हते. एकांदा फोटू काडला आसंल. दिसतंय तवर बगीन म्हनतंय."

फोटो त्यांच्यापासून चार हातांवर होता. माझ्या होणाऱ्या व्याह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. वडीलही पाहत होते. मी म्हणालो, "नाय काका. काय नाय."

कारण विचाराल तर सांगण्यासारखंही नाही. चहा चालू होता, पाहुणे बसले होते, एवढंच. एवढ्याशा कारणासाठी मी एका माणसाला त्याचा बाप दाखवला नाही. काका म्हणाले, "आसूदे, आसूदे," आणि पोहे खाऊ लागले. बशी नेमकी कुठे आहे ते त्यांना चाचपावं लागत होतं.

पुढे वडील गेले. आम्ही वसईला एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला, फोटो तिकडे हॉलमध्ये आला. आता कोणाची भीड उरली नव्हती. तरी मी सांगितलं नाही. इतकी वर्षं का नाही सांगितलंस, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो प्रश्न टाळायला मी आणखी वर्षं घालवली. काकांचा दुसरा डोळाही गेला, हे मला गावातल्या एका लग्नात कळलं. मी "अरेरे" म्हणालो. वर, खरं सांगायचं तर, मनात कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं, की आता फोटो दाखवायचा प्रश्नच मिटला. एवढ्या थराला माझी मजल गेली होती.

मग गेल्या दिवाळीच्या आधी काकांची नात आमच्या दारात उभी राहिली.

आमच्या जूचंद्रच्या रांगोळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. ठिपके जोडून काढायच्या नव्हेत. माणसाचा चेहरा असा काढतात की डोळ्यांतलं पाणी खरं वाटावं. दिवाळीत शाळेत प्रदर्शन लागतं आणि लांबून लोक बघायला येतात. काकांची नात त्यातली चांगला हात असलेली. दिवसा ती कामणच्या एका गोदामात पार्सलं स्कॅन करते आणि संध्याकाळी जमिनीवर चेहरे काढते. गावच्या रांगोळी मंडळाने त्या वर्षी ठरवलं होतं, गावचीच जुनी माणसं काढायची. कोणी कोण काढायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या. तिच्या चिठ्ठीत माझे आजोबा निघाले.

"काका, मोबाइलवर फोटो मिळाला मला, पण डिटेल येत नाहीये," ती म्हणाली. "कोटाची बटणं, खांदा, सगळं फाटतंय झूम केल्यावर. ओरिजिनल बघू शकते का? काच असली की चकाकतं. फ्रेम उघडू? काही होणार नाही फोटोला, मी नेहमी करते."

माझी बायको आतून म्हणाली, "उघड की, त्यात काय." तिला काही ठाऊकच नव्हतं, चाळीस वर्षांच्या संसारात मी तिलाही सांगितलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत पोरीने नखाने पट्टी सरकवली, फोटो बाहेर घेतला आणि घडी उलगडली.

ती बराच वेळ बघत राहिली. चेहरे बघणं तिचं कामच. "हे कोण?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

"यांचं कपाळ आमच्या आजासारखं आहे."

"असेल. गावातल्या सगळ्यांची कपाळं सारखीच."

ती माझ्याकडे बघत होती. मग तिने पूर्ण फोटोचा फोटो काढला, घडी होती तशी घातली, फ्रेम लावली, "थँक्यू काका" म्हणाली आणि गेली. चहाही घेतला नाही.

बायको बाहेर येऊन उभी राहिली. "ती पोरगी मूर्ख वाटली का तुम्हाला?" तिने विचारलं. मी फ्रेम सरळ करू लागलो. "तुमचे कान लाल झालेत," ती म्हणाली. मग मी तिला सगळं सांगितलं. ऐकून ती एवढंच म्हणाली, "त्या माणसाला डोळे होते हो," आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी फोटो पिशवीत घालून मी जूचंद्रला गेलो. काका ओट्यावर बसले होते. माझ्या पावलांवरून त्यांनी ओळखलं. मी शेजारी बसलो, फोटो पूर्ण उलगडून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "काका, ह्यो तुमचे बापसाचा फोटू हाय."

त्यांनी कागदावर बोटं फिरवली. घडीवर येऊन थांबली. "ह्या काय हाय?"

"घडी. आज्यानी घातलेली. म्या ठेवलेली."

आणि मग मी सांगितलं. धक्का, ट्रंक, 'मी आलोच', सगळं. आजोबांनी मला काय सांगून ठेवलं होतं तेही. मुलीच्या लग्नाच्या बोलणीच्या दिवशी मी काय म्हणालो तेही. मध्ये एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही. मला वाटत होतं त्यांनी शिवी द्यावी, काठी उचलावी. ते नुसते ऐकत होते, मान किंचित तिरकी करून.

"कसा दिसतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगू लागलो. बुटका. कपाळ रुंद. टोपी हातात. हसतोय. एक हात आज्याच्या पाठीमागून गेलाय आणि बोटं पलीकडच्या खांद्यावर आलीत.

"म्हंजे तीच बोटां," काका म्हणाले. "ती मी बगलीत. दर गनपतीला बगायचो. मना वाटायचा, कुना साह्यबाची आसतील." त्यांनी कागद पुन्हा चाचपला. "माजे बापसाची चार बोटां बगलीत मी. डोले व्हते तवा."

मला रडू आलं. त्यांना ते ऐकू गेलं असणार, पण त्यांनी माझी समजूत काढली नाही. त्यांनी फोटोची घडी न घालता तो सरळ धरला, सुनेला हाक मारून आत न्यायला सांगितला आणि मला म्हणाले, "सांगलास ता बरा केलास. आता तू जा."

रात्री नातीचा फोन आला. ती म्हणाली, मी दोघांना काढतेय, पूर्ण फोटो, मंडळाशी भांडून आलेय. शेजारी पाटी लावायची असते, त्यावर काय लिहायचं ते तुम्हीच सांगा. मी विचार केला आणि सांगितलं: "डावीकडचा खलाशी उतरला. त्याला जावाच्या लोकांवर चालवायचा दारूगोळा न्यायचा नव्हता. उजवीकडचा उतरला नाही." तिने ते वाचून दाखवलं आणि विचारलं, "खाली तुमच्या घराचं लिहू?" मी म्हटलं, लिही, बोटवाल्यांकडून.

तिने काय काढलं होतं! दोघांचे कोट, कोटांचा लोकरीचा पोत, रस्त्याचा ओला दगड. आणि मधोमध वरपासून खालपर्यंत घडीची रेघ, तिथला फुटलेला कागदसुद्धा. मी प्रदर्शनाचे सगळे दिवस त्या वर्गात बाकावर बसून राहिलो. लोक पाटी वाचायचे, माझ्याकडे बघायचे. कोणी विचारलं तर सांगायचो. माझा चुलतभाऊ येऊन तावातावाने बोलून गेला: मेलेल्या माणसाला कशाला उकरतोस, अख्ख्या घराण्याला काळं फासलंस. मी म्हटलं, काळं होतंच, मी फक्त दिवा लावला. हे बोलताना मला जरा बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याचीही लाज वाटली. चाळीस वर्षं अंधार करून बसलेल्याने दिव्याच्या बाता कशाला माराव्यात?

शेवटच्या संध्याकाळी लोक पांगले. मंडळाची पोरं दुसऱ्या वर्गातल्या रांगोळ्या झाडूने गोळा करू लागली. तेवढ्यात नात काकांना हाताला धरून घेऊन आली. प्रदर्शनभर ते आले नव्हते.

"आजा, बस खाली," ती म्हणाली. "इतके दिवस हात लावू देता येत नव्हता. आता पुसायचीच आहे. लाव हात."

काका रांगोळीच्या कडेला मांडी घालून बसले. त्यांनी हात पुढे केला आणि हवेत थांबवला. "कुटं हाय त्याचा तोंड?"

नातीने माझ्याकडे पाहिलं. ती पुढे झाली नाही. मी उठलो, त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसलो आणि त्यांचं मनगट धरलं. "ह्या कपाल," मी म्हणालो आणि हात टेकवला. "हितं भिवया. ह्या नाक. हितं हसतंय."

हात जिथून गेला तिथलं सगळं एकमेकांत मिसळत गेलं. मी ओठांपर्यंत पोचलो तेव्हा कपाळ उरलं नव्हतं. काकांनी पुन्हा वरून सुरुवात केली, या वेळी माझा हात बाजूला सारून, अगदी हळू, चारी बोटांनी. मग परत एकदा. नात भिंतीला टेकून उभी होती आणि तिने तोंडावर ओढणी धरली होती.

"नाय रं," काका शेवटी म्हणाले. "कायच लागत नाय. नुसती भुकटी हाय."

त्यांनी तळहात उलटा केला. तो सगळा करडा झाला होता.

"हात पुसाला काय हाय का तुज्याजवल?" त्यांनी मला विचारलं. मी खिशातला रुमाल काढून दिला.